बडे अब्बा आणि मॉर्गनची शिडी

(युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे ‘मानवी संस्कृतीच्या विकासाचे टप्पे’. मी मानववंशशास्त्राचा माणूस नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधतो. या विषयाकडे मी वळलो तो एका शब्दामुळे. तो शब्द म्हणजे ‘मागे’. ‘तुमचा समाज अजून शंभर वर्षं मागे आहे’ हे वाक्य इथल्या बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलं असेल. कँटीनमध्ये, ऑफिसात, टीव्हीवर. आणि आपणही गावाकडच्या नातेवाइकांबद्दल तेच बोलतो, फक्त जरा हळू आवाजात.

पण मागे म्हणजे कशाच्या मागे? सगळे समाज एकाच रस्त्याने, एकाच दिशेला चाललेत, कोणी पुढे पोचलंय आणि कोणी रेंगाळलंय, हे चित्र आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की ते कोणीतरी काढलेलं चित्र आहे हेच आपण विसरतो. ते काढणाऱ्यांची नावं आणि सालं आपल्याला माहीत आहेत. आज त्यांच्याबद्दलच बोलू.

पहिला माणूस लुईस हेन्री मॉर्गन. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावचा वकील. त्याच्या आसपास इरोक्वॉय लोकांची वस्ती होती. त्यांच्यातल्या सेनेका जमातीच्या एली पार्कर या तरुणाशी त्याची दोस्ती झाली आणि त्या दोस्तीतून १८५१ मध्ये इरोक्वॉयांवरचं त्याचं पुस्तक आलं. हा पार्करही वकिलीचा अभ्यास करत होता. पण मूळ रहिवासी अमेरिकेचे नागरिक धरले जात नसल्याने त्याला वकिलीची परवानगी मिळाली नाही. मग तो इंजिनिअर झाला. १८६५ मध्ये अमेरिकी यादवी युद्ध संपताना शरणागतीच्या अटींची जी प्रत तयार झाली, ती याच पार्करच्या हस्ताक्षरात आहे. हे लक्षात ठेवा, कारण त्याच्या मित्राने पुढे त्याच्या लोकांना कुठल्या पायरीवर बसवलं ते आता बघायचंय.

१८७७ मध्ये मॉर्गनचं ‘एन्शंट सोसायटी’ आलं. त्यात सगळ्या मानवजातीसाठी एकच शिडी आहे. खाली रानटी अवस्था, मग बर्बर अवस्था, वर सुधारलेली अवस्था. पहिल्या दोन्हींचे प्रत्येकी तीन भाग, म्हणजे एकूण सात पायऱ्या. एका पायरीवरून दुसरीवर जायची खूणही ठरलेली: मासेमारी आणि अग्नी, धनुष्यबाण, मातीची भांडी, पाळीव जनावरं (अमेरिका खंडात त्याऐवजी पाणी देऊन केलेली मक्याची शेती), लोखंड, आणि शेवटी लिपी. मातीचं भांडं घडवता येत नसेल तर तुम्ही रानटी, घडवता आलं की बर्बर. इरोक्वॉय बर्बर अवस्थेच्या सगळ्यात खालच्या पायरीवर.

इंजिनिअर म्हणून मला ही रचना पाहिल्याबरोबर आवडली, हे कबूल करतो. स्वच्छ आहे. व्हर्जन १, व्हर्जन २. पण कुठल्याही रचनेची परीक्षा विचित्र केस आली की होते.

हवाई बेटांचं घ्या. तिथे मातीची भांडी नव्हती आणि मॉर्गनच्या हिशोबात धनुष्यबाणही नव्हता. म्हणून पॉलिनेशियाचे लोक त्याने रानटी अवस्थेच्या मधल्या पायरीवर टाकले, ऑस्ट्रेलियाच्या भटक्या शिकारी जमातींच्या शेजारी. याच हवाईत पाटाच्या पाण्यावर अरवीची शेती होती, मासे वाढवायला समुद्रात दगडी बांध घातलेले होते, सरदारांच्या श्रेणी होत्या. मॉर्गन बोलत होता युरोपियन पोचले तेव्हाच्या हवाईबद्दल, हे मान्य. तरी त्याचं पुस्तक छापलं गेलं तेव्हा हवाईचं राज्य लिखित घटनेखाली चालू होतं आणि त्याला जवळपास चाळीस वर्षं झाली होती.

दुसरी केस मेक्सिकोतल्या अ‍ॅझटेकांची. तळ्यात वसवलेली राजधानी, पक्के बंधारे, मोठमोठे बाजार. पण लोखंड नाही, म्हणून पायरी मधली बर्बर. आता साम्राज्याचं काय करायचं? मॉर्गनने १८७६ मध्ये ‘मॉन्टेझुमाचं जेवण’ असा लेख लिहिला आणि सांगितलं की साम्राज्य वगैरे काही नव्हतंच, स्पॅनिश लोकांनी पाहिलं ते नुसतं सामायिक घर आणि त्यातली पंगत, बाकी त्यांनी तिखटमीठ लावलं. टेस्ट फेल झाली की कोड बघण्याऐवजी टेस्टच बदलणारे सहकारी तुमच्यातल्या आयटीवाल्यांना भेटले असतील.

आता माझा आवडता भाग. मॉर्गनचं खरं मोठं काम नात्यांच्या शब्दांवर आहे. त्याने दोनशेहून जास्त प्रश्नांची एक छापील यादी केली: वडिलांच्या भावाला काय म्हणता, आईच्या बहिणीच्या मुलाला काय म्हणता. ती मिशनरी आणि सरकारी वकिलातींमार्फत जगभर पाठवली. तमिळ लोकांची आणि सेनेकांची नात्यांची रचना जवळपास सारखी निघाली, तेव्हा तो हरखून गेला. नातेसंबंधांचा शास्त्रीय अभ्यास तिथून सुरू झाला आणि ते श्रेय त्याचंच.

गडबड पुढे झाली. हवाईच्या भाषेत वडील, काका, मामा सगळ्यांना एकच शब्द. मॉर्गन म्हणाला, ज्याअर्थी शब्द एक, त्याअर्थी पूर्वी कधीतरी बाप नक्की कोण हे माहीतच नसणार. म्हणजे भाऊ आणि बहिणी यांचे गटागटाने विवाह होत असणार. त्याच्या मते भाषेत त्या काळाचा ठसा राहून गेला होता.

आता आपल्या घरात या. वडिलांच्या थोरल्या भावाला आपल्यातल्या कितीतरी घरांत ‘बडे अब्बा’ म्हणतात. शेजारच्या हिंदू घरात ‘मोठे बाबा’ आणि ‘मोठी आई’ असतात. हाच तर्क लावला तर तुमच्या आजीबद्दल काय निष्कर्ष निघतो, ते मी इथे बोलत नाही, घरी मार पडेल. खरं कारण सगळ्यांना ठाऊक आहे: एका छपराखाली राहणाऱ्या थोरल्या माणसाचा मान, आणि वडील नसतील तेव्हा त्याच्यावर येणारी जबाबदारी. मॉर्गनच्या हयातीतच मॅकलेनन नावाचा स्कॉटिश वकील म्हणाला होता की हे शब्द हाक मारण्याच्या रीती आहेत, त्यातून रक्ताचा इतिहास वाचू नका. तोही टप्पेवालाच, पण इथे त्याचं म्हणणं वजनदार होतं.

मॉर्गनचं पुस्तक मार्क्सने टिपणं काढत वाचलं आणि त्या टिपणांच्या आधारे एंगेल्सने १८८४ मध्ये कुटुंब, खासगी मालमत्ता आणि राज्यसंस्था यांच्यावरचं आपलं पुस्तक लिहिलं. त्यामुळे ही शिडी साम्राज्यवाल्यांच्या घरातही राहिली आणि क्रांतिवाल्यांच्या घरातही.

तिकडे इंग्लंडमध्ये एडवर्ड टायलर. त्याचं ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ १८७१ चं. धर्माचीही शिडी: आधी सगळ्या वस्तूंत आत्मा मानणं, मग अनेक देव, मग एक देव. ही मांडणी ऐकून आपल्यातल्या काहींना बरं वाटेल, कारण एकेश्वरवाद वर आहे. थांबा. दोन दशकांनी फ्रेझर आला आणि त्याने जादू, धर्म, विज्ञान अशी मांडणी करून सगळ्या धर्मांनाच मधल्या पायरीवर आणलं. शिडीवर बसलेल्याच्या डोक्यावर कोणीतरी आणखी एक पायरी ठोकतोच.

टायलरबद्दल एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. त्या काळात काळे आणि गोरे मुळातच वेगवेगळ्या जाती आहेत असं मोठे मोठे विद्वान लिहीत होते. टायलर आणि मॉर्गन म्हणाले, नाही, माणसाचं मन सगळीकडे एकच आहे. फरक आहे तो वाटचालीचा. त्या काळी हे पुढचं पाऊल होतं. पण त्यात एक किंमत दडलेली होती: तुम्ही आमच्यासारखेच आहात, फक्त लहान आहात.

याच टायलरचा एक किस्सा डेटा सायन्सवाल्यांनी ऐकावा. १८८८ मध्ये त्याने लंडनच्या मानववंशशास्त्र संस्थेत निबंध वाचला. जगातल्या साडेतीनशेच्या आसपास समाजांच्या लग्नाच्या चालीरीती घेऊन, कुठली चाल कुठल्या चालीबरोबर वारंवार आढळते याची मोजदाद केली होती. त्या काळात हे विलक्षणच. अध्यक्षपदी फ्रान्सिस गाल्टन होता. त्याने साधा प्रश्न विचारला: हे समाज एकमेकांपासून स्वतंत्र आहेत कशावरून? चार शेजाऱ्यांनी एकमेकांची चाल उचलली असेल, तर तो पुरावा चार वेळा मोजायचा की एकदा? गिटहबवरच्या एकाच प्रोजेक्टच्या पन्नास फोर्कमध्ये तोच बग सापडला, म्हणून पन्नास जणांनी स्वतंत्रपणे तीच चूक केली असं आपण म्हणत नाही. या प्रश्नाला आजही ‘गाल्टनचा प्रॉब्लेम’ म्हणतात. गंमत अशी की हाच गाल्टन माणसांची पैदास सुधारण्याच्या, युजेनिक्सच्या, विचाराचा जनक. चुकीच्या माणसाचा प्रश्नही बरोबर असू शकतो.

शिडी मोडली ती मुख्यतः फ्रान्झ बोआसने. जर्मन ज्यू, डॉक्टरेट भौतिकशास्त्रातली. १८८३ मध्ये कॅनडाच्या बॅफिन बेटावर इनुइट लोकांत जाऊन राहिला. १८८७ मध्ये त्याचा वॉशिंग्टनच्या म्युझियमवाल्यांशी वाद झाला. तिथे जगभरच्या वस्तू प्रकारानुसार, साध्यापासून गुंतागुंतीच्या अशा मांडत. बोआस म्हणाला, खुळखुळा घ्या. एका ठिकाणी तो नुसता आवाजासाठी असेल, दुसरीकडे धार्मिक विधीसाठी. दिसायला सारखा म्हणून एका रांगेत ठेवलात, तर त्याचा अर्थच पुसला जातो. वस्तू तिच्या लोकांबरोबर ठेवा. १८९६ च्या निबंधात त्याने हेच तत्त्व वाढवलं: सारखे परिणाम वेगवेगळ्या कारणांनी होऊ शकतात, म्हणून आधी प्रत्येक समाजाचा प्रत्यक्ष इतिहास तपासा, मग नियम सांगा. आपल्या भाषेत, आउटपुट सारखं आलं म्हणून आतला प्रोग्रॅम सारखा ठरत नाही.

हा सगळा जुना इतिहास झाला असं वाटत असेल, तर आपल्या सरकारी कागदांकडे या. १८७१ मध्ये, टायलरचं पुस्तक आलं त्याच वर्षी, इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्मानेच गुन्हेगार. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो गेला, आणि ते लोक ‘विमुक्त’ झाले. पण १९६५ च्या लोकूर समितीने अनुसूचित जमाती ओळखण्याचे जे निकष दिले, त्यातला पहिलाच ‘आदिम लक्षणांच्या खुणा’ असा आहे. पुढे १९७५ मध्ये ‘आदिम जमाती’ असा वेगळा गट झाला आणि त्याचा एक निकष होता शेतीपूर्व तंत्रज्ञान. मॉर्गनने हे वाचलं असतं तर त्याला परकं वाटलं नसतं. २००६ मध्ये नाव बदलून ‘विशेष असुरक्षित’ असं केलं. महाराष्ट्रातल्या तीन जमाती या गटात आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड.

रायगडमधले जे इथे आहेत त्यांनी कातकरी पाहिलेत. खैरापासून काथ काढणारे म्हणून हे नाव. जंगल सरकारच्या ताब्यात गेलं, जमीन सावकाराकडे गेली, आणि आज ही कुटुंबं वीटभट्ट्यांवर मजुरी करतात. त्यांची गरिबी ही कुठल्या तरी जुन्या पायरीवर थांबून राहिल्यामुळे आलेली नाही. ती तुमच्याआमच्याइतकीच आधुनिक आहे, त्याच दीडशे वर्षांत तयार झालेली. ‘आदिम’ म्हटलं की जमीन कोणी घेतली हा प्रश्न विचारावा लागत नाही. शिडीचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

आता आपल्याकडे. ‘मागे’ या शब्दावर आपली दोन ठरलेली उत्तरं असतात. पहिलं: एके काळी आम्हीच पुढे होतो, बगदाद, कुर्तुबा, इब्न खल्दून. इब्न खल्दून जरूर वाचा. १३७७ मधल्या त्याच्या ‘मुकद्दिमा’त भटक्या आणि नागर जीवनाचं जे विश्लेषण आहे, ते मॉर्गनपेक्षा जास्त जिवंत आहे, कारण त्याच्याकडे शिडीऐवजी चाक आहे: टोळीतला एकोपा राज्य मिळवतो, शहरातलं सुख तोच एकोपा खातं, आणि काही पिढ्यांत नवी टोळी दारात उभी राहते. पण याच ग्रंथात अतिउष्ण आणि अतिथंड प्रदेशांतल्या लोकांबद्दल, ते जनावरांच्या जवळचे आहेत, असंही लिहिलंय. तो आपला आहे म्हणून ते पान उलटून पुढे जाऊ नका.

दुसरं उत्तर: ही आमची संस्कृती आहे, बाहेरच्यांनी बोलू नये. बोआसचं नाव यासाठी वापरलं गेलंय. त्याचा शिष्य हर्स्कोव्हिट्स याने लिहिलेलं निवेदन १९४७ मध्ये अमेरिकेच्या मानववंशशास्त्र संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलं. त्यात सगळ्या जगाला लागू होणाऱ्या मानवी हक्कांबद्दलच शंका होती. त्याच संघटनेला १९९९ मध्ये मानवी हक्कांच्या बाजूने जाहीरनामा काढावा लागला. ‘आमची संस्कृती’ म्हणताना त्या ‘आम्ही’मध्ये घरातल्या कोणाला विचारलं होतं, हा प्रश्न त्यांना तिथे घेऊन गेला.

शिडी नको म्हणजे बदल नको, असं मुळीच नाही. उलट शिडीमुळेच बदलाची भाषा बिघडते. मॉर्गनच्या बर्बर इरोक्वॉयांमध्ये कुळातल्या ज्येष्ठ बायका सरदार निवडत आणि नालायक निघाला तर काढूनही टाकत. त्याच भूमीवरच्या सुधारलेल्या न्यूयॉर्क राज्यात गोऱ्या बायकांना मत मिळालं १९१७ मध्ये. इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवायचा पुरता हक्क १८८२ च्या कायद्याने आला. शरीयतमध्ये तो हक्क शतकानुशतकं होता. छान. आता सांगा, तुमच्या घरातल्या किती फुफींचं नाव सातबाऱ्यावर आहे? आणि किती जणींनी भावांसमोर हक्कसोडपत्रावर सही केलीय, खुशीने म्हणून? हा प्रश्न कुठल्या शतकातला आहे हे ठरवत बसायची गरज नाही. त्या फुफीला काय मिळालं आणि काय गेलं, एवढं पुरे आहे.

शेवटी एक काम देतो. मॉर्गनची यादी आपणही करू. घरी जाऊन नात्यांचे शब्द लिहून आणा. कोकणातल्यांचे वेगळे निघतील, मराठवाड्यातल्यांचे वेगळे, सोलापूरकडच्या दखनी बोलणाऱ्यांचे आणखी वेगळे. इरावती कर्वे यांनी १९५३ मधल्या पुस्तकात भारतभरची नातेव्यवस्था मांडली आहे, ती सोबत ठेवू. प्रत्येक नावापुढे एक जास्तीचा रकाना ठेवा: या माणसाला वारशात काय मिळालं. माहिती अब्बांना विचारू नका, दादीला किंवा फुफीला विचारा. पुढच्या बैठकीत सगळं एका शीटमध्ये भरू. शीट मी बनवून ठेवतो.