संगणकातील वाद्य आणि हाताचा हुनर

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संमेलनात दहावी-बारावीचे निकाल, शिष्यवृत्त्या आणि मुलींची तालीम या विषयांवर दरवर्षी बोलले जाते, आणि ते बोलले गेलेच पाहिजे. आज मात्र मी एक वेगळा विषय आपणांपुढे मांडणार आहे. अलीकडे पुष्कळ घरांतून एक तक्रार ऐकू येते. मुलगा कानांना हेडफोन लावून रात्री उशिरापर्यंत संगणकापुढे बसतो. पडद्यावर रंगीबेरंगी पट्ट्या सरकत असतात. विचारले तर म्हणतो, "ट्रॅक बनवतोय." वडील म्हणतात, पोरगा वेळ वाया घालवतो आहे. आई म्हणते, कान आणि डोळे दोन्ही बिघडतील. मुलगा म्हणतो, तुम्हाला यातले काही कळत नाही. तिघांच्याही म्हणण्यात थोडेथोडे तथ्य आहे. म्हणून हे काम नेमके काय आहे, ते आज आपण समजून घेऊ. खेळणे की हुनर हे साधनावरून ठरत नसते. ते हाती धरणारा त्यातले किती जाणून घेतो, यावर ते ठरते. मला सांगायचे आहे ते एवढेच.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम चालते त्याला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात. ध्वनिमुद्रणाचा एक संपूर्ण स्टुडिओ संगणकात बसवला आहे असे समजा. पडद्यावरच्या प्रत्येक आडव्या पट्टीला ट्रॅक म्हणतात. एका ट्रॅकवर माइकमधून आलेला आवाज साठवला जातो, तर दुसऱ्यावर केवळ सूचना असतात: कोणता स्वर, केव्हा, किती वेळ आणि किती जोराने. या सूचनांच्या भाषेला मिडी म्हणतात. ती १९८३ पासून वापरात आहे. स्वराचा जोर ती ० ते १२७ या आकड्यांत सांगते. मिडीला स्वतःचा आवाज नसतो. पत्राला जसा वाचणारा लागतो, तसे तिला वाद्य लागते. हे वाद्य म्हणजेच सॉफ्टवेअर सिंथेसायझर. वर्कस्टेशनला बाहेरून जोडल्या जाणाऱ्या अशा वाद्यांना आणि आवाजावर संस्कार करणाऱ्या साधनांना मिळून प्लगइन म्हणतात.

आता विचाराल, संगणकात तार नाही, कातडे नाही, भाता नाही, मग आवाज येतो कोठून? तो आकड्यांतून येतो. आवाज म्हणजे हवेचे कंपन. त्या कंपनाची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजून लिहून ठेवली, तर ते आकडे पुन्हा आवाजात बदलता येतात. सीडीवर ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवले जाते. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० कंपने ऐकतो. ज्या कंपनापर्यंत नोंद हवी, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते, म्हणून हा आकडा. सिंथेसायझर एक पाऊल पुढे जातो. तो न वाजलेल्या आवाजाचे आकडे स्वतः हिशेब करून काढतो.

हे समजण्यासाठी आपल्या मिरजेकडे पाहा. तेथील शिकलगार घराण्यांचा मूळ धंदा हत्यारांचा. एकोणिसाव्या शतकात तो मागे पडला, तेव्हा त्या कारागिरांनी सतारी आणि तंबोरे घडविण्याचा हुनर हाती घेतला. मिरजेच्या या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या कारागिरांच्या कौशल्याची कसोटी म्हणजे जवारी. घोडीचा पृष्ठभाग अगदी हलक्या हाताने घासून आणि तारेखाली दोरा सरकवून ते आवाज 'उघडतात'. येथे घडते काय? तार सेकंदाला १२० कंपने देत असेल, तर तिच्यासोबत २४०, ३६०, ४८० अशी तिच्या पटीतली कंपनेही उमटत असतात. जवारी बदलली की यांतली कोणती पुढे यावीत आणि कोणती मागे राहावीत, ते बदलते. आवाजाचा पोत या पटीतल्या कंपनांवर अवलंबून असतो.

सिंथेसायझरमध्ये नेमके हेच काम पडद्यावर दिसते. पहिला भाग ऑसिलेटर. तो मूळ लहर देतो. करवतीच्या दात्यांसारखी लहर निवडली तर तिच्यात पटीतली सर्व कंपने असतात. चौकोनी लहरीत फक्त विषम पटीची असतात, म्हणून ती पोकळ वाटते. दुसरा भाग फिल्टर, म्हणजे गाळणी. ती वरची कंपने गाळून आवाज मऊ करते. तिसऱ्या भागाला एन्व्हलप म्हणतात. तो आवाज कसा उठावा आणि कसा विरावा हे ठरवतो. त्याच्या चार कळा आहेत: अॅटॅक, डिके, सस्टेन आणि रिलीज. संतूरवर आघात झाला की आवाज तत्काळ उठतो आणि हळूहळू विरतो; हार्मोनियमची पट्टी दाबून भाता चालू ठेवला तर तो टिकून राहतो. हा फरक त्या चार कळांत मांडता येतो.

विद्यार्थी मित्रांनो, येथे तुम्हाला एक गोष्ट सुचवतो. प्रत्येक सिंथेसायझरसोबत शेकडो तयार आवाज मिळतात, त्यांना प्रीसेट म्हणतात. एकामागून एक प्रीसेट ऐकत बसण्यात महिने निघून जातात आणि शेवटी हाती काही उरत नाही. त्याऐवजी एकच वाद्य घ्या आणि कोरा आवाज निवडून सुरुवात करा. करवती लहर लावा, फिल्टर निम्मा बंद करा. अॅटॅक शून्य, डिके सुमारे दीड सेकंद आणि सस्टेन शून्य ठेवा. तारेवर आघात केल्यासारखा आवाज येईल. मग सस्टेन पूर्ण वाढवा आणि अॅटॅक थोडा लांबवा. फुंकीच्या किंवा भात्याच्या वाद्याची आठवण होईल. एका वेळी एकच कळ फिरवायची आणि काय बदलले ते वहीत लिहायचे. प्रयोगशाळेत तुम्ही हेच करता. अशी वीस पाने भरली की विकत घेतलेल्या शंभर प्रीसेटपेक्षा अधिक तुमच्या पदरात पडेल.

दुसऱ्या प्रकारची प्लगइन आवाज निर्माण करत नाहीत, आलेल्या आवाजावर काम करतात. इक्वलायझर ठरावीक कंपने वाढवतो किंवा घटवतो. बोलण्याच्या ध्वनिमुद्रणात ८० कंपनांच्या खालचा भाग काढून टाकला की रस्त्यावरची घरघर बरीचशी जाते आणि शब्द मात्र शाबूत राहतात. कॉम्प्रेसर मोठ्या आणि लहान आवाजातले अंतर कमी करतो. रिव्हर्ब आवाजाला जागेचा भास देतो. विजापूरच्या गोल घुमटात टाळी वाजवली तर ती कितीतरी वेळा परतून येते. खोलीत रेकॉर्ड केलेल्या आवाजाला घुमटाखालचा भास देणे हे या प्लगइनचे काम. मात्र मिठासारखेच याचेही प्रमाण सांभाळावे. घुमटाचा नाद कानाला भव्य वाटतो, पण तेथे भाषण केले तर शब्द कळत नाहीत.

नवशिक्यांच्या तीन अडचणी येथेच सांगून ठेवतो. पट्टी दाबली आणि आवाज उशिरा आला, तर संगणक बिघडला असे समजू नका. संगणक आकड्यांचे लहानलहान गठ्ठे करून काम करतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० मोजण्या असताना २५६ चा गठ्ठा सुमारे ५ मिलिसेकंद घेतो, १,०२४ चा सुमारे २१. म्हणून वाजवताना बफर लहान ठेवावा. पुढे अनेक प्लगइन लावून मिश्रण करताना तो मोठा करावा, म्हणजे जुन्या संगणकावरही आवाज तुटत नाही. दुसरे, पातळी दर्शविणारी पट्टी शून्याला भिडू देऊ नका. त्यावर आकडेच उरत नाहीत, लहरीचा माथा कापला जातो आणि आवाज फाटतो. तिसरे, एखादे प्लगइन लावल्यावर आवाज चांगला वाटला, तर तो खरोखर चांगला झाला की नुसता मोठा झाला, हे तपासा. कानाला मोठा आवाज नेहमीच बरा वाटतो. दोन्ही सारख्या पातळीवर आणून मगच निवाडा करावा.

काहींना वाटेल, ही सारी परक्यांची विद्या आहे. तसे नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी आपोआप वाजणाऱ्या वाद्याची रचना लिहून ठेवली. खुंट्या बसवलेल्या फिरत्या नळकांड्यावरून सूर ठरत असत. मिडीच्या सूचनांचेच ते पूर्वरूप म्हणता येईल. त्याच शतकातल्या अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला, आणि प्रत्येक प्लगइन म्हणजे एक अल्गोरिदमच होय. अल-फाराबी यांनी दहाव्या शतकात संगीताच्या शास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. पण बुजुर्गांची नावे घेऊन आपली जबाबदारी संपत नाही. संगणकाकडून हिशेबाने संगीताचा आवाज निर्माण करण्याचा प्रयोग १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी केला. जॉन चौनिंग यांनी १९६७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात शोधलेल्या पद्धतीवर यामाहा कंपनीचे डीएक्स-७ हे वाद्य १९८३ मध्ये बाजारात आले. वाद्ये प्लगइनच्या रूपात वर्कस्टेशनमध्ये जोडण्याची सोय जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९९ मध्ये रूढ केली. आपल्या देशातही अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर बसविण्यात आला होता. विद्या कोणा एकाची नसते. जो मेहनत करतो, तिच्याकडे ती जाते.

पालकांच्या मनातला एक प्रश्न मी टाळणार नाही. संगीताविषयी आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो प्रश्न निकालात काढण्याचा अधिकार माझा नाही. प्रत्येक घराने आपल्या श्रद्धेने आणि जाणत्यांच्या सल्ल्याने ठरवावे. पण ज्या घरात वाद्य वर्ज्य आहे, त्या घरातील मुलानेही ध्वनीची विद्या सोडू नये. किरात असो, नात असो, शाळेचा पाठ असो किंवा अंध विद्यार्थ्यांसाठी वाचलेले पुस्तक असो, माणसाचा आवाज स्वच्छ आणि स्पष्ट ऐकू येण्यासाठी तेच इक्वलायझर आणि तेच कॉम्प्रेसर लागतात. २००९ साली ए. आर. रहमान यांना संगीतासाठी दोन ऑस्कर मिळाले हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणासाठी दोन सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळवणारे रसूल पुकुट्टी हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. त्यांचे काम वाद्य वाजविण्याचे नाही, ऐकण्याचे आहे.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. किमती प्लगइनच्या चोरलेल्या प्रती आज सहज मिळतात, आणि पुष्कळ मुले त्यातच सुरुवात करतात. दुसऱ्याच्या मेहनतीचा मोबदला न देता माल वापरणे याला आपल्या दीनमध्ये आणि देशाच्या कायद्यात एकच नाव आहे. अशी प्रत जाणूनबुजून वापरणे भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय अशा प्रतींबरोबर संगणकात विषाणू शिरतात ते वेगळेच. गरिबी हे यासाठी कारण होऊ शकत नाही, कारण हलाल मार्ग उपलब्ध आहे. एलएमएमएस आणि आर्डर ही वर्कस्टेशने खुल्या परवान्याची आहेत. माइकवरचा आवाज मुद्रित करण्यास ऑडॅसिटी पुरते. सर्ज एक्सटी हा मोठा सिंथेसायझर मोफत आहे. त्यात सप्तकाच्या बारा ठरावीक भागांपलीकडचे स्वरही लावता येतात, म्हणजे अरबी मकाम किंवा आपल्या श्रुतींचा अभ्यास करता येतो. डीएक्स-७ ची पद्धत समजून घेण्यासाठी डेक्स्ड आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षे शिकायला एवढे पुष्कळ आहे.

पालकांनो, या मार्गाने प्रत्येक मुलगा नामवंत होईल असे आश्वासन मी देत नाही. या क्षेत्रात मिळकत अनिश्चित आहे, आणि आता तर चार ओळी लिहून दिल्या की यंत्रच संपूर्ण गाणे तयार करून देते. नुसते बटण दाबणाऱ्याची किंमत त्यामुळे आणखी घटणार. मात्र शिकलगारांकडे पाहा. हत्यारांचा धंदा बसला, तरी धातू आणि धार ओळखणारा हात बसला नाही. तो जवारी घासू लागला. म्हणून मुलाने गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नये. उलट या वाद्याच्या निमित्ताने ते अधिक आवडीने शिकावे. लहरी, लॉगरिदम, त्रिकोणमिती हे सगळे येथे कानाला ऐकू येते.

आपण घरी काय करावे? वेळ ठरवून द्या. हेडफोनचा आवाज मर्यादेत ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे आठवड्याचे ४० तास ऐकायचे असेल, तर मोठ्यांसाठी ८० आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा आहे. आणि आठवड्यातून एकदा मुलाजवळ बसून विचारा, "बेटा, हा आवाज तू कसा तयार केलास, मला समजावून सांग." मुलीलाही तोच प्रश्न विचारा; ही विद्या तिच्यासाठीही तितकीच खुली आहे. मुलाला नीट सांगता आले, तर तो शिकतो आहे. सांगता आले नाही, तर रागावू नका. "पुढच्या जुम्म्याला सांग" एवढेच म्हणा. ज्याला समजावून सांगावे लागणार आहे, तो समजून घेतल्याशिवाय राहत नाही.

अल्लाह आपल्या मुलांना इल्म आणि हुनर दोन्ही देवो, आणि ते सरळ मार्गाने मिळवण्याची तौफिक देवो. आमीन. खुदा हाफिज.