बांधले आणि सोडले
(बुलढाणा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय 'दुर्गम भागातील एकट्याचा मोटारसायकल-प्रवास आणि वाटेवरील दुरुस्ती' असा छापला आहे. तो मीच कळविला होता आणि त्याला सोडून मी फार दूर जाणार नाही. पशुवैद्यक म्हणून या जिल्ह्याच्या घाटावर आणि घाटाखाली माझी नोकरी झाली. तिच्यातील पहिली सोळा वर्षे एका राजदूतच्या पाठीवर, मागे लसीची बर्फपेटी आणि पुढे कापडी पिशवीत पाना, पक्कड, पेचकस, प्लग व तारेचे वेटोळे घेऊन, सातपुड्यातल्या भिंगाऱ्यापासून लोणारच्या सरोवराच्या काठापर्यंत मी हिंडलो. त्या हिंडण्यातून माझी एक धारणा बनली. आडवाटेवर गाडी कशीबशी चालती करण्याची कला आपल्या लोकांच्या अंगी उपजत आहे आणि तिचे कौतुकही पुष्कळ होते; परंतु त्या कलेचा उत्तरार्ध, म्हणजे जे बांधले ते वेळीच सोडणे, आपण शिकलोही नाही आणि कोणाला शिकविलाही नाही.

पार्श्वभूमी आपणांस ठाऊक आहे, म्हणून तिच्यावर वेळ घालवीत नाही. पोलंडच्या एसएचएल गाडीच्या धर्तीवर एस्कॉर्ट्सने काढलेली राजदूत, म्हैसूरची जावा व तिच्या पाठोपाठ आलेली येझदी, मद्रासची बुलेट, या गाड्या ज्यांच्या अंगणात उभ्या होत्या असे निदान पन्नास जण मला समोर दिसत आहेत. पेट्रोल, ठिणगी आणि दाब या तिहींपैकी काय हरवले आहे ते आधी ठरवावे आणि मगच पान्याला हात घालावा, हेही त्यांना माझ्याइतकेच ठाऊक आहे. मुंबईहून 15 ऑक्टोबर 1923 रोजी सायकलींवर निघून 18 मार्च 1928 रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतलेल्या हकीम, बापासोला आणि भूमगरा या तीन पारशी तरुणांची हकिकत आपण वाचलेलीच असेल. 1973 मध्ये लंडनहून पाचशे सीसीच्या ट्रायम्फवर एकटाच निघून चार वर्षे जग फिरलेला टेड सायमन हिंदुस्थानातूनही गेला होता. ही सारी माणसे वाटेत मोडली ती वस्तू वाटेतच सांधून पुढे गेली.

एकट्याच्या प्रवासात दुरुस्तीचे स्वरूपच पालटते. दोघे असले म्हणजे एक गाडीपाशी थांबतो आणि दुसरा गावात जातो. एकट्याला गाडी सोडून जाता येत नाही आणि नुसते बसून राहूनही भागत नाही. अशा वेळी हाताशी असलेली प्रत्येक वस्तू आपल्या नित्याच्या नावातून बाहेर पडते. घरातल्या विजेच्या जोडणीत चिनी मातीचा जो कनेक्टर असतो, तो फोडला की आत स्क्रूची पितळी नळी सापडते. क्लचच्या तारेचे टोक तुटले असता ती नळी तारेवर चढवून स्क्रू आवळला की नवे टोक तयार होते. पेट्रोलच्या टाकीला बारीक चीर गेली तर कपड्याच्या साबणाची वडी त्या चिरेवर घासावी. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून चीर भरून निघते. कार्बोरेटरचा जेट तुंबला तर त्यात लोखंडी तार कदापि घालू नये, कारण भोक किंचित मोठे झाले तरी गाडी पेट्रोल ढोसू लागते. तेथे शिंदीच्या केरसुणीची काडी चालते. ठिगळाचे सोल्युशन वाळून गेले असेल तर टायरात वाळले गवत ठासून भरावे आणि बैलाच्या चालीने गाव गाठावे. जावावाल्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांच्या गाडीत गिअरची दांडी दाबली की क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे तार तुटली तरी त्यांचे काम अडत नसे. (समोरून एक गृहस्थ मोठ्याने 'बरोबर!' म्हणाले. हशा.) आपली जावा अजून चालते ना? चालते म्हणतात. आनंद आहे.

आणि घाटाखालची काळी माती! पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आषाढात ज्याने गाडी घातली असेल त्यालाच त्या मातीचा चिवटपणा कळेल. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ती अशी दाटून बसते की चालत्या गाडीचे चाक जागच्या जागी थांबते. तिच्यावर एकच उपाय, पुढचे मडगार्ड सोडून पाठीमागे बांधणे. पुष्कळांनी ते पहिल्या पावसात सोडले आणि पुन्हा कधी बसविलेच नाही. पुढे डांबरी सडक झाली तरी चाकाने उडविलेला खडा तोंडावर घेत ते हिंडत राहिले. माझा मुद्दा येथून सुरू होतो.

मागच्या रांगेतून कोणी म्हणत आहे की याला जुगाड म्हणतात. म्हणत असतील. तो शब्द उत्तरेकडचा आहे आणि त्यात एक प्रकारची शेखी आहे. आपल्या मराठीत याहून नेमका प्रयोग आहे, 'वेळ मारून नेणे'. वेळ मारून नेली याचा अर्थ आलेला प्रसंग टळला, एवढाच; गाडी नीट झाली असा नव्हे. हा भेद मी एका गाडीवानाकडून ऐकला. मात्र तो मला उमगला फार उशिरा आणि फार महाग पडून. अध्यक्षांची परवानगी असेल तर ती हकिकत सांगतो. टिपणांत मी तिला पाच मिनिटे दिली आहेत.

1983 सालचा वैशाख होता. घटसर्प आणि फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वी टोचावी लागते, म्हणून त्या दिवसांत आम्हांला रोज दोन-तीन गावे असत. खामगावकडून बोथ्याच्या जंगलातून मी वर बुलढाण्याकडे येत होतो. आज तेथे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. ते 1997 मध्ये जाहीर झाले, मी सांगतो त्या वर्षी ते नव्हते. अस्वले मात्र तेव्हाही होती. चार वाजण्याच्या सुमारास चढावर गाडी गुदमरली आणि पेट्रोलचा वास आला. उतरून पाहतो तो टाकीपासून कार्बोरेटरकडे येणारी नळी वाळून तडकली होती आणि थेंब थेंब गळत होती. चावी बंद केली. जनावराला शिरेतून कॅल्शियम देण्यासाठी आम्ही रबरी नळी बाळगत असू. तिचे माप जुळत होते. वीतभर कापली आणि दोन्ही टोकांना बसविली. ती घसरू नये म्हणून तार हवी होती, आणि माझे वेटोळे नेमके त्याच दिवशी मी एकाला देऊन आलो होतो.

ज्ञानगंगेच्या पात्रात त्या दिवसांत पाणी डबक्यांपुरतेच उरते. तशा एका डबक्यात एका बैलगाडीचे चाक आडवे घातलेले मला दिसले. काठावर बैल बांधलेले होते आणि गाडीवान सावलीला बसला होता. वैशाखाच्या उन्हात बाभळीच्या चाकाचे लाकूड आक्रसते, धाव सैल पडते, आरे तुंब्यात खुळखुळू लागतात, आणि मग चाक भिजत घालावे लागते म्हणजे लाकूड फुगून धाव पुन्हा आवळली जाते. त्याने जुवाला गुंडाळलेली तार काढून मला दिली आणि मी माझी नळी दोन्ही टोकांना आवळली. निघताना मी सहज म्हटले, "दादा, तुमचं चाक तर फुकटात दुरुस्त झालं." तो म्हणाला, "नाही सायेब, दुरुस नाही झालं. आज घरी जाईन एवढंच. पाणी सुकलं का धाव पुन्हा ढिली. लोहाराकडं त न्याच लागते." त्याचे नाव मी विचारले नाही.

गाडी चालली, सुरेख चालली. दुसऱ्या दिवशी नळीची आठवणही राहिली नाही, कारण मोडलेली वस्तूच मनात सलत राहते, चालू असलेली नव्हे. बाजारात नवी नळी दोन रुपयांना मिळत असेल. ती घेण्यासाठी थांबावे असे मला नऊ दिवसांत एकदाही वाटले नाही.

नैसर्गिक रबर पेट्रोलमध्ये फुगते, मऊ पडते आणि त्याचा ताण जातो. मी पशुवैद्यक, रबर उकळून निर्जंतुक कसे करावे ते मला ठाऊक होते, पेट्रोलमध्ये त्याचे काय होते ते नव्हते. नवव्या दिवशी बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मी मोताळ्याच्या बाजूच्या एका गावी निघालो होतो. जेथे तार आवळली होती तेथेच मऊ झालेले रबर कापले गेले, पेट्रोल इंजिनवर सांडले आणि प्लगच्या टोपीपाशी निसटलेल्या ठिणगीने ते पेटले. मी चावी बंद केली आणि ओंजळीने माती टाकत सुटलो. पेट्रोलवर पाणी टाकू नये एवढे तरी स्मरणात होते. गाडी वाचली. परंतु आगीपासून दूर फेकलेली बर्फपेटी दरीच्या कडेला आपटून फुटली. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, आणि त्या दुपारी घाटातल्या खडकावर हात ठेववत नव्हता.

नवी लस घेऊन त्या गावी जाण्यास मला अकरा दिवस लागले. मधल्या काळात मृगाच्या आधीचा पाऊस येऊन गेला होता आणि एका शेतकऱ्याचे दोन बैल घटसर्पाने गेले होते. लसीचा गुण येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, तेव्हा माझी लस वेळेवर पोहोचली असती तरी ते बैल वाचते असे मी शपथेवर सांगू शकत नाही. त्या शेतकऱ्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. पेरणी तोंडावर आलेली, आणि तो दुसऱ्याची जोडी उसनी मागत फिरत होता.

(सभागृहात शांतता.)

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली म्हणतात. पाच मिनिटांची हकिकत लांबली, हे खरे. आता जेट, गॅस्केट आणि साखळीचे लॉक हे तीन भाग मी सोडून देतो. मात्र लॉकविषयी एवढे ध्यानात असू द्यावे की त्याच्या चापाचे बंद तोंड साखळी ज्या दिशेला धावते त्या दिशेला असले पाहिजे.

मागून एक मिस्त्री म्हणत आहेत, "डॉक्टरसाहेब, मी बांधलेली तार सहा वर्षं झाली, अजून हलली नाही." (टाळ्या, हशा.) आपल्या हातावर मला शंका नाही, भाऊ. माझा प्रश्न तारेला आहे. रॉबर्ट पिरसिग या अमेरिकन लेखकाच्या 1974 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक प्रसंग आहे. मित्राच्या बीएमडब्ल्यू गाडीचे हँडल सैल होऊन फिरते. लेखक बिअरच्या डब्याचा पत्रा कापून त्याची पट्टी बसवू म्हणतो, आणि एवढ्या महाग गाडीला असले ठिगळ लावण्याच्या कल्पनेनेच मित्र दुखावतो. अनेकांना वाटते की त्या मित्राचे मन कोते होते. मला मात्र त्यात निराळीच गोष्ट दिसते. ती पट्टी वस्तुतः तात्पुरती नव्हतीच. ॲल्युमिनियमचा पत्रा मऊ असतो, फटीत घट्ट बसतो. कारखान्यातली पट्टीही त्याच तत्त्वावर ते काम करते. अशी दुरुस्ती कायम राहिली तर कोणाचेच बिघडत नाही. मिस्त्रीभाऊ, आपली तार त्या जातीची असेल तर मी तिला नमस्कार करतो.

याच्या उलट फ्यूजचे घ्या. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून बसविणारे मी शेकड्यांनी पाहिले आहेत, आणि दिवा लागला की त्यांच्या मुद्रेवर विजय दिसतो. साऱ्या जोडणीत आपण सर्वांत दुबळे असावे आणि संकट आले तर आधी आपण जळावे, हेच फ्यूजचे काम. चंदेरी कागद जळत नाही. मग त्याच्या ऐवजी आतली तारांची संपूर्ण वेणी जळते. तेव्हा रस्त्यावर बांधताना प्रत्येकाने मनाशी विचारावे की ही वस्तू मूळ वस्तूचे काम करते आहे, की ते काम चालू असल्याचा नुसता देखावा करते आहे.

कोणी म्हणेल की एवढ्याशा नळीसाठी मी माणसांवर भलता जाच लादतो आहे. लादतो आहे, आणि तो आवश्यक आहे असे माझे ठाम मत आहे. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये दुचाकी दुरुस्ती शिकणाऱ्या मुलांना वाटेवरच्या युक्त्या शिकवाव्यात, अवश्य शिकवाव्यात. मात्र प्रत्येक युक्तीसोबत ती किती तासांची वा किती दिवसांची आहे हेही शिकवावे. साबणाची वडी दुसरा गाव येईपर्यंत. गवताचा टायर पंधरा-वीस किलोमीटर, तोही हळू. पितळी कनेक्टर आठवडाभर. रबरी नळी त्याच रात्री बदलावी. आपल्या तलाठ्याच्या दप्तरात बोजा चढविल्याची नोंद असते आणि तो उतरविल्याचीही असते. गाडीचे दप्तर तसेच असावे.

दुसरी चिठ्ठी. बरे, आटोपतो.

त्या राजूर घाटानंतर मी एक वही ठेवली. तिच्यात दोनच रकाने आहेत, 'बांधले' आणि 'सोडले', आणि दोन्हींसमोर तारीख. आज ती सोबत आणली आहे. एकच पान वाचतो. 'क्लचची तार, कनेक्टर, जळगाव जामोदच्या पुढे. बांधले 4 फेब्रुवारी. सोडले 6 फेब्रुवारी.' 'सायलेन्सरचा नट, तार, देऊळगाव राजा. बांधले 19 मार्च. सोडले 19 मार्च, संध्याकाळी.' 'टाकी, साबण, सोनाळ्याजवळ. बांधले 2 एप्रिल.' याच्यापुढे रकाना कोरा दिसतो. परंतु मागच्या पानावर त्याची नोंद आहे, टाकी झाळून आणली ती 3 तारखेला.

वही येथे टेबलावर ठेवतो. ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाहावी, पाने मात्र जुनी झाली आहेत, सावकाश उलटावीत. मेहकरकडच्या मंडळींची शेवटची एसटी साडेनऊची आहे, त्यांनी आधी पाहून घ्यावी. आणि मिस्त्रीभाऊ, आपली गाडी बाहेर उभी असेल तर जाताना दोन मिनिटे थांबा. ती तार मला पाहायची आहे.