खेळ सर्वांना दिसला पाहिजे
(संस्थेच्या महोत्सवी क्रीडासमारंभात केलेले भाषण)



या समारंभात आम्ही खेळाविषयी दोन शब्द बोलावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. खेळाने शरीर कमावले जाते, शिस्त अंगी बाणते, हे आपण सर्वांनी शाळेपासून ऐकले आहे. तेच पुन्हा सांगून आम्ही आपला वेळ घेणार नाही. आम्हाला आज बोलायचे आहे ते खेळणाऱ्यांविषयी नव्हे, तर पाहणाऱ्यांविषयी. खेळाकडे माणूस का वळतो, वळल्यावर का थांबतो आणि कशामुळे उठून जातो, हा आमचा विषय आहे.

आरंभी आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. मागे एका वर्षी आम्ही मुलींच्या कबड्डीचे सामने भरवले. प्रवेशद्वाराशी मोठी कमान उभारली, तिच्यावर विजेची माळ सोडली, मैदानाच्या चारी बाजूंना फलक लावले. फलकांवर देणगीदारांची छायाचित्रे होती आणि त्यांत आमचेही होते, हे कबूल केले पाहिजे. सामना रंगला. संध्याकाळी मंडप आवरत असता एक बाई जवळ आली. कापूस वेचायची मजुरी बुडवून ती लेकीचा खेळ पाहायला आली होती. तिने विचारले, "भाऊ, आमची पोरगी जितली का हारली?"

बंधूंनो, त्या बाईने शेवटपर्यंत सामना पाहिला होता! पण गुणसंख्या होती गुणलेखकाच्या वहीत. ध्वनिक्षेपकावरची तेलुगू तिला नीट उमगली नाही, आणि मराठी घोषणा ढोलताशात बुडाली. आमचे छायाचित्र तिला स्पष्ट दिसत होते. तिच्या लेकीचा विजय मात्र दिसला नाही. त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनात घर करून आहे.

आपला आदिलाबाद जिल्हा कसा आहे ते पाहा. पैनगंगेपलीकडे यवतमाळ, शेजारी नांदेड आणि चंद्रपूर. किनवट आणि राजुरा हे तालुके तर 1956 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. येथे घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात उर्दू आणि डोंगरपट्ट्यात गोंडी व कोलामी चालते. आपण ज्याला हुतूतू म्हणत आलो त्यालाच शेजारचा तेलुगू माणूस चेडुगुडू म्हणतो. अशा जिल्ह्यात मैदानाभोवती हजार माणसे जमली तर ती एका भाषेची नसतात. तेथे शब्द अपुरा पडतो. सर्वांना सारखी कळते ती रेघ, रंग, आकडा आणि खूण.

ही गोष्ट येथील डोंगरातल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दिवाळीत दंडारी निघते. डोक्यावर मोरपिसांचा भरघोस टोप, अंगाला राख, अशा वेषात गुसाडी गावात शिरला की गोंडीचा एक शब्द न येणारा माणूसही दारात येऊन उभा राहतो. कोण आले, कशासाठी आले, हे त्याला सांगावे लागत नाही. ही कला जपणारे मार्लवाईचे कनकराजू यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. त्या टोपाचे काम एकच: आलेला कोण हे लांबूनच कळावे. देखणेपण हे असे उपयोगी असते.

जगातही खेळाची सजावट जेथे यशस्वी झाली तेथे तिच्या मुळाशी अशीच एखादी अडचण सापडते. 1964 साली टोकियोला ऑलिंपिक भरले, तेव्हा नाना भाषांचे लोक येणार आणि जपानी लिपी त्यांना वाचता येणार नाही, हा प्रश्न होता. म्हणून प्रत्येक खेळाचे साधे चित्रचिन्ह तयार करण्यात आले. पोहण्याचे चिन्ह पाहिले की पोहणे, धावण्याचे पाहिले की धावणे. विचारण्याची गरजच उरली नाही. 1966 च्या फुटबॉल विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्या सामन्याला पंच होते जर्मन. त्यांनी अर्जेंटिनाच्या कर्णधाराला बाहेर काढले. पण त्यांना स्पॅनिश येत नव्हती, आणि मैदानात मोठा गोंधळ उडाला. यावर केन ॲस्टन या इंग्रज पंचांना रस्त्यावरच्या वाहतुकीच्या दिव्यांवरून युक्ती सुचली. पिवळे आणि लाल पत्रक 1970 च्या मेक्सिकोतील विश्वचषकात प्रथम वापरण्यात आले. त्याच स्पर्धेतला काळ्यापांढऱ्या तुकड्यांचा चेंडूही तसाच. त्या काळच्या रंगहीन दूरचित्रवाणीवर तो स्पष्ट दिसावा, म्हणून त्याला ते रूप दिले होते. टेनिसचा चेंडू पिवळा झाला तोही दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला दिसावा म्हणूनच. या सगळ्यात शोभेचा भाग थोडा, सोयीचा फार. सोय झाली आणि शोभा तिच्या मागून आली.

आता आपल्या कबड्डीकडे वळू. ती डोळ्यांना भावणारी आहे हे काही नवे नाही. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनला जाऊन आपले खेळ दाखवले, तेव्हा पाहणाऱ्यांना मराठी कोठे येत होती? तरीही पुढे पुष्कळ वर्षे आपल्याच शहरी लोकांना हा खेळ मातीतला, म्हणून कमी प्रतीचा वाटे. 26 जुलै 2014 रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि तीच मंडळी दूरचित्रवाणीसमोर सरसावून बसू लागली. असे काय बदलले? खेळाडू सातच राहिले. मध्यरेषा, निदानरेषा आणि बोनसरेषा त्याच राहिल्या. माती जाऊन रंगीत मॅट आली, हे सर्वांना दिसले. पण आमच्या मते खरा बदल निराळा आहे. चढाईला तीस सेकंद, आणि ते सेकंद पडद्यावर उलटे मोजलेले दिसतात. दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. ही निकड प्रेक्षकाला आधीच कळते. पकड कोठे झाली, पाय रेषेला लागला की नाही, हे संथ गतीने पुन्हा दाखवतात. पूर्वी जे फक्त जाणकाराला कळे, ते आता घरातल्या आजीबाईंना कळते. प्रेक्षक दिव्यांच्या झगमगाटाने आला असेल, पण बसून राहिला तो खेळ समजू लागला म्हणून.

याच्या उलट बाजूचाही एक दाखला देतो. 1993 साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात असलेल्या सायमन किंग यांनी क्रिकइन्फो सुरू केले. प्रारंभी त्यावर ना चित्र ना रंग. नुसते आकडे आणि अक्षरे. तरीही परदेशी शिकायला गेलेले आपले तरुण रात्री जागून त्याला चिकटून बसत, कारण धावसंख्या किती आणि बाद कोण झाला, या दोन प्रश्नांचे उत्तर तेथे तत्काळ मिळे. म्हणजे पाहा, सजावटीवाचून लोक येतात. उत्तरावाचून येत नाहीत.

हे सांगण्याचे कारण असे की, आपल्या संस्थेच्या तरुण मंडळींनी क्रीडाविभागाचे संकेतस्थळ काढण्याची योजना मांडली आहे. योजना स्तुत्य आहे. त्यांनी नमुना दाखवला. त्यात प्रथम हलते बोधचिन्ह, मग विश्वस्तांचे संदेश, मग छायाचित्रांची माळ, आणि निकाल अगदी तळाशी. आम्ही त्यांना दोष देत नाही; आमच्या त्या कमानीचाच हा धडा त्यांनी गिरवला आहे! पण खेड्यातला आपला माणूस ते स्वस्तातल्या फोनवर, शेताच्या बांधावर, भर उन्हात उघडणार. संपर्क क्षीण असणार. चित्रे जड असतील तर पान उघडण्याआधीच तो फोन खिशात घालील. फिक्या रंगावर फिकी अक्षरे उन्हात दिसत नाहीत. लाल आणि हिरवा यांतला भेद काहींच्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून जिंकलेल्या संघाला रंगाबरोबर खूणही द्यावी. सर्वांत वर आजचा सामना, दोन संघ, मोठ्या आकड्यांत गुण. त्याखाली खेळाडूंची नावे, मराठीत आणि तेलुगूत. छायाचित्र एकच असावे, पण ते खेळाचे असावे. चढाई करणाऱ्या मुलीचा हात आणि निसटता पाय त्यात दिसावा. पारितोषिक देणाऱ्यांची रांग त्यात नको.

मैदानावरही हाच नियम लावावा, अशी आमची विश्वस्त मंडळींना नम्र सूचना आहे. चुन्याच्या रेघा सामन्याआधी ताज्या मारल्या जाव्यात. दोन संघांचे रंग लांबूनही वेगळे ओळखू यावेत. प्रत्येकीच्या पाठीवर क्रमांक असावा आणि तो क्रमांक कोणाचा, ते फलकावर लिहिलेले असावे. गुणफलक एवढा मोठा असावा की मागच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसालाही वाचता यावा. वीज नसेल तर लाकडी पाटी चालेल. शाळेतली दोन मुले आकडे बदलतील, आणि त्यांनाही खेळ कळेल. यासाठी फार मोठा निधी लागत नाही. महोत्सवाच्या कमानीवरचा खर्च थोडा आवरला, तरी पुष्कळ होईल.

देणगीदारांचे ऋण आम्ही विसरलो आहोत, असा समज कृपया करून घेऊ नये. त्यांच्यावाचून मैदानच नसते. परंतु दात्याचे खरे छायाचित्र कोणते? त्याने दिलेल्या पैशातून एखादी मुलगी खेळली, आणि ती तिच्या गावाने, तिच्या आईने पाहिली, हेच ते छायाचित्र. पाहिलेल्या मुलीला पुढच्या वर्षी घरचे लोक पुन्हा मैदानावर पाठवतात. न दिसलेली मुलगी वेचणीला जाते आणि तिचा खेळ तेथेच संपतो. या विषयात आमच्या दृष्टीने पणाला लागले आहे ते हेच.

ती बाई पुन्हा आपल्या मैदानावर यावी, अशी आमची इच्छा आहे. त्या दिवशी आम्ही तिला सांगितले, "बाई, तुमची पोरगी जितली." ती हसली आणि पदराने डोळे पुसत निघून गेली. पुढच्या खेपेस हे आम्हाला सांगावे लागू नये. तिने ते स्वतःच्या डोळ्यांनी, गर्दीबरोबर त्याच क्षणी पाहावे आणि टाळी वाजवावी.