पाय पाहून अंथरूण



या व्यासपीठावर वेदान्तापासून अंदाजपत्रकापर्यंत सर्व विषय होऊन जातात. आम्ही आज अंथरुणाविषयी बोलणार आहोत. भाषाशुद्धीचे अभिमानी त्यास निद्राकोष म्हणोत. दुकानात आणि डोंगरात त्याचे नाव स्लीपिंग बॅग असेच आहे, आणि आम्हीही तेच वापरू. वैशाख लागला की आपल्याकडची माणसे हिमालयाकडे निघतात. पूर्वी हा शौक डॉक्टर-प्राध्यापकांचा होता. आता मागावरचा कामगार, कांड्या भरणारी बाई, एस. टी. चा मेकॅनिक हेही रजा साठवून जातात. त्यांच्यासाठी हे बोलणे आहे. दीड-दोन हजारांची चूक ज्यास सहज पचते, त्याने आमचे व्याख्यान ऐकले नाही तरी चालेल.

प्रथम एक खुलासा. मे महिन्यात राजगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर मुक्कामास जायचे असेल तर बॅग घेऊच नका. एक चादर पुरे. तीही बहुधा मच्छरांसाठी. प्रश्न उत्तरेचा आहे. समुद्रसपाटीपासून वर चढू लागले की दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. मनाली सुमारे २०५० मीटरवर. तेथे रात्री बारा अंश असतील, तर ३७०० मीटरवरच्या कुरणावर हिशेबाने एक अंश उरतो. वारा आणि पाऊस त्यात धरलेला नाही. खाली बाजारात घाम पुसणारा माणूस दोन दिवसांनी वर कुडकुडतो तो यामुळे.

आमच्या मंडळींनी हा धडा पैसे मोजून घेतला. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही दहा जण कुलूच्या खोऱ्यात गेलो. बॅगा एकाच दुकानातून घाऊक घेतल्या आणि भाव पाडून घेतला म्हणून आम्ही आपल्याच पाठीवर थाप मारून घेतली. पिशवीवर ठळक अक्षरांत 'उणे पाच' छापले होते. मग एक अंशाची भीती कसली? पहिल्या उंच मुक्कामाला पुरुष मंडळी कशीबशी झोपली. सकाळी आमच्यातल्या एका कांडीवाल्या ताईंनी चहाचा पेला दोन्ही हातांत धरला, पण तो तोंडापर्यंत नेईनात. विचारले तेव्हा म्हणाल्या, "दादा, रात्रभर पाय माझे नव्हतेच." हाक का मारली नाही, असे आम्ही रागाने विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. बाकीचे झोपले होते, आणि आपल्यामुळे कोणाची झोप मोडू नये हे त्या बाईच्या अंगी लहानपणापासून मुरलेले. त्या रात्रीचा दोष आम्ही थंडीस दिला नाही. बॅगा आम्ही निवडल्या होत्या.

परत आल्यावर त्या 'उणे पाच'ची चौकशी केली. युरोपात या कामासाठी २००२ साली एक मानक ठरले. २०१६ पासून ते आयएसओ २३५३७ या क्रमांकाने जगभर चालते. आतून तापविलेला माणसाच्या आकाराचा पुतळा कपडे घालून, चटईवर, बॅगेत निजवितात आणि उष्णता किती निसटते ते मोजतात. त्यातून मुख्यतः तीन आकडे निघतात. पहिला सुखाचा : सर्वसाधारण स्त्री या तापमानाला सैल अंगाने झोपू शकते. दुसरा मर्यादेचा : सर्वसाधारण पुरुष अंग मुडपून आठ तास काढू शकतो. तिसरा टोकाचा : येथे झोपेचा प्रश्नच नाही, सहा तास जीव तगेल एवढेच. आमच्या पिशवीवरचा ठळक आकडा तिसरा होता. सुखाचा आकडा आतल्या चिठ्ठीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत : अधिक आठ.

पगारपत्रक वाचण्यात आमचे आयुष्य गेले. वरचा ढोबळ आकडा आणि हातात पडणारा आकडा यांतला फरक आम्ही गेटवर उभे राहून शेकडो जणांना समजावला आहे. आणि इथे फसलो! तेव्हा बाई असो की बुवा, सुखाचा आकडा पाहूनच बॅग घ्यावी, आणि जेथे जायचे तेथील अपेक्षित थंडीच्या खाली दोन-तीन अंश हाताशी ठेवावेत. मानकाचा उल्लेखच नसेल तर छापलेला आकडा म्हणजे दुकानदाराचे मत समजावे.

आता आत काय भरलेले असावे? जाती दोन : पक्ष्यांची पिसे, म्हणजे डाऊन, आणि कृत्रिम धागा, म्हणजे बहुधा पॉलिएस्टर. हा धागा १९४१ साली विन्फिल्ड आणि डिक्सन यांनी मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या चाकरीत असताना शोधला. पगारी नोकर होते दोघेही, हे जाता जाता. वजनाला डाऊन सरस, यात वाद नाही. तेवढीच ऊब ते कमी वजनात देते आणि दाबल्यावर मुठीत मावते. पण किंमत दुप्पट-तिप्पट, आणि ओले झाले की पिसांचे गोळे होतात. ऊब देते ती पिसे नव्हेत, धागाही नव्हे. त्यांत अडकून स्थिर राहिलेली हवा देते. गोळा झाला की हवा गेली.

गिरणीत ज्यांनी काम केले त्यांस 'रिगेन' हा शब्द ठाऊक आहे. शंभर भार कोरडा कापूस दमट हवेत साडेआठ भार पाणी पितो. लोकर सोळाच्या आसपास. पॉलिएस्टर अर्धा भारसुद्धा नाही. आजीची गोधडी मायेची खरी, पण पावसात भिजली तर दोघांनी उचलावी लागते. पॉलिएस्टरची बॅग भिजली तर पिळावी, झटकावी; ती फुगलेली राहते आणि दुपारच्या दोन तास उन्हात बरीचशी वाळते. जूनच्या हिमालयात दुपारी ढग येणारच आणि तंबू आतून पाझरणारच. यास्तव उन्हाळी प्रवासाला आणि बेताच्या खिशाला आम्ही कृत्रिम धागाच सुचवितो. सुख पाच अंशांच्या आसपासची बरी बॅग किलो-सव्वा किलोत मिळते. त्याहून फार हलकी कोणी दाखवली तर सुखाचा आकडा पुन्हा वाचावा.

भरावातही भेद आहेत. अखंड तंतूचा भराव जागचा हलत नाही व टिकतो. आखूड तंतूचा मऊ असतो, छान दाबला जातो, पण सरकतो, म्हणून त्यास जास्त टाके लागतात. टाका वरच्या कापडातून थेट खालच्या कापडात गेला असेल तर त्या रेषेवर भराव उरतच नाही, आणि तेथून गार लागते. बॅग उजेडासमोर धरून पाहावी. अस्तराचे कापड किती डेनियरचे हे विचारावे. नऊ हजार मीटर सुताचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर, हे भिवंडी-इचलकरंजीत कोणीही सांगेल. वीसचे हलके पण नाजूक, चाळीसचे राकट. चुलीची ठिणगी दोन्हींना भोक पाडते. चेनीच्या आतून भरावाची नळी आहे की नाही ते चाचपावे, आणि डोक्याला टोपी हवीच.

आणि बॅगेत दुकानातच निजून पाहावे. लाजू नये. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण येथे उलटी होते. पायाचा अंगठा तळाला रुतला तर तेथला भराव दबतो आणि अंगठा गारठतो. फार ऐसपैसही नको, कारण रिकामी जागा तापवायची आपल्याच अंगाला आहे. बॅग स्वतः ऊब निर्माण करीत नाही. उपाशी आणि ओल्या कपड्यांत शिरलात तर ती तुमचा गारठाच जपून ठेवील. पाठीखालचा भराव अंगाच्या भाराने चपटा होतो, म्हणून खाली चटई हवी. चटईत काटकसर करून महाग बॅग घेणारे आम्ही पाहिले आहेत. त्यांची पाठ त्यांना रात्री दोन वाजता उठवते.

घरी आल्यावर बॅग आवळून माळ्यावर टाकू नका. कृत्रिम धागा दाबून ठेवला की त्याची उसळी मरते, आणि दोन-तीन वर्षांत आकडा कागदावरच राहतो. मोकळी टांगून ठेवावी. सौम्य साबणाने धुवावी. इस्त्री तर नकोच.

त्या ताई पुढच्या वर्षी पुन्हा आल्या. सुखाच्या शून्य अंशांची बॅग घेतली तर वजन दीड किलोच्या वर गेले. म्हणून त्यांच्या वाट्याचा शिधा बाकीच्या नऊ जणांनी वाटून घेतला. त्यांनी हरकत घेतली, दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या रात्री इतक्या घोरल्या की तंबूतल्या दोघी बाहेर येऊन बसल्या.

युनियनच्या कचेरीत अशा चार बॅगा दोरीवर टांगलेल्या आहेत. यंदा जाणाऱ्यांनी रविवारी सकाळी यावे, निजून पाहावे, आणि रजेचा अर्ज मंजूर झाला असेल तर घेऊन जावे. परत आणताना वाळवून आणावी, एवढीच अट.