खाऱ्यातून गोड्यात जाणारी होडी

(वसंत व्याख्यानमालेत मढ येथे दिलेलं व्याख्यान)



1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद राहील. त्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातील, शाकारल्या जातील. जुनी होडी ठेवायची की काढून टाकायची, हा हिशेबही बहुतेक घरांत याच दिवसांत होतो. स्पीडबोट किंवा फायबरची छोटी प्रवासी होडी असेल, तर गिऱ्हाईक कधी कधी घाटावरचं निघतं. तापोळा-बामणोलीचा शिवसागर, नाशिकचं गंगापूर, उजनी, पवना या धरणांच्या पाण्यात पर्यटक फिरवायचे असतात किंवा पलीकडच्या गावातली माणसं ने-आण करायची असतात. होडी ट्रेलरवर चढते आणि विकणारा म्हणतो, ‘आता काय, गोडं पाणी. खाऱ्याची कटकट सुटली, हिला काही होत नाही.’

या समजुतीच्या विरोधात बोलायला मी आज उभा आहे. होडी समुद्र सोडते, पण मीठ होडीला सोडत नाही. शिवाय गोड्या पाण्याची स्वतःची दुखणी आहेत आणि ती आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला सवयीची नाहीत. म्हणून घाट चढण्याआधी इथे मढला काही कामं झालीच पाहिजेत. ती झाली नाहीत, तर होडी तळ्यात दोन-तीन हंगामांत बसते आणि दोष मात्र तळ्याच्या पाण्याला दिला जातो.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकतं, क्षार मागे राहतात. ते डेकखालच्या कोपऱ्यात, वायरच्या लगमध्ये, स्टेनलेसच्या बोल्टच्या डोक्याखाली आणि इंजिनाच्या आतल्या पाण्याच्या वाटांमध्ये साचतात. हवेतला दमटपणा 75 टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पुन्हा ओलं होतं. पावसाळ्यात महाबळेश्वर-तापोळ्याच्या बाजूला हवा आठवडेच्या आठवडे याहून दमट असते. म्हणजे तळ्यावर उभ्या असलेल्या होडीत, समुद्रापासून इतक्या लांब, खारवलेला धातू आतून गंजतच राहतो. वरून पाहणाऱ्याला होडी चकचकीत दिसते.

यात सगळ्यात जास्त सोसतं ते इंजिन. आऊटबोर्ड मशीन बाहेरचंच पाणी खालून ओढतं, रबरी इंपेलर ते वर ढकलतो, सिलिंडरभोवती फिरवतो आणि बाहेर टाकतो. ते धुवायला आपण काय करतो? पाणी घेण्याच्या जाळीवर रबरी कप लावतो, नळाची नळी जोडतो, पाच मिनिटं मशीन संथ चालवतो आणि बंद करतो. बाजूच्या छिद्रातून धार आली म्हणजे धुतलं गेलं, असं समजतो. पण मशीन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट मिटलेला असतो. बहुतेक आऊटबोर्डमध्ये तो 50 ते 60 अंश सेल्सियसला उघडतो. तोवर आलेलं पाणी जवळच्या वाटेने निघून जातं आणि हेडभोवतीच्या ज्या जागी मीठ साठलेलं असतं तिथे नीट पोचतच नाही. म्हणून मशीन पुरतं गरम होऊ द्या, धारेखाली हात धरा, धार कोमट लागली की त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. मशीन सुरू करण्याआधी पंखा काढून ठेवायला विसरू नका. एकदाच नको, मशीन थंड होऊ देऊन पुन्हा तसंच करा.

त्यानंतर थर्मोस्टॅटचं झाकण उघडा. समुद्रात चाललेल्या जुन्या मशीनमध्ये झाकणाखाली राखाडी-पांढरा, दगडासारखा थर दिसतो. नखाने खरवडला तर वरची पूड निघते, खालचं हलत नाही. हे नुसतं मीठ नसतं. मीठ पाण्यात विरघळून जातं, पण गरम धातूवर समुद्राच्या पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा थर बसतो आणि तो कितीही गोडं पाणी सोडलं तरी जात नाही. सुटे भाग व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले की बुडबुडे येतात आणि थर मऊ होतो. इंजिनाच्या आतल्या वाटांसाठी त्याच कामासाठी मिळणारं द्रावण फिरवावं लागतं. हेच काम टाळलेली मशीनं तळ्यावर गरम होतात, कारण वाट आधीच अरुंद झालेली असते आणि वर पावसाळी गढूळ पाण्यातली माती तिथे अडकते.

झाकणाचे बोल्ट हा वेगळाच प्रकार आहे. बोल्ट स्टेनलेसचा, ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि मधे वर्षांचं मीठ. तिथे पाना लावून जोर केला की बोल्ट मान टाकतो, अर्धा आत राहतो. आदल्या संध्याकाळी तेल सोडा, सकाळी गरम हवा द्या, अर्धा आटा पुढे-अर्धा मागे करत सोडवा. परत बसवताना आट्यांना ग्रीस लावा. नवा इंपेलर याच वेळी टाका. गिअरचं तेल काढून पाहा. ते दुधाळ असेल तर आत पाणी शिरलेलं आहे, सील बदलल्याशिवाय होडी हलवू नका.

आता झिंकबद्दल बोलतो, कारण इथे आपली समुद्रावरची समज उलटी पडते. दोन वेगवेगळे धातू एकाच पाण्यात जोडलेले असले की त्यांतला कमी ताकदीचा खाल्ला जातो. म्हणून आपण मुद्दाम जस्ताचा, म्हणजे झिंकचा, तुकडा लावतो. हाच ॲनोड. तो झिजतो आणि मशीन वाचतं. ही युक्ती हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने 1824 मध्ये मांडली. ब्रिटिश आरमारी जहाजांच्या तळाला मारलेला तांब्याचा पत्रा समुद्रात झिजत होता. त्याने त्याला लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. ज्या जहाजावर हा प्रयोग झाला ते ‘समरंग’ आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, कोचीनला बांधलेलं होतं. तांबं वाचलं. पण झिजणारं तांबं विषारी असल्यामुळेच तळाला शिंपले धरत नव्हते. झीज थांबताच तळ शिंपल्यांनी भरला. होडीच्या कामात एक गोष्ट सुधारली की दुसरी तपासावी लागते, हे त्या प्रयोगाने दोनशे वर्षांपूर्वीच दाखवलं.

तळ्यातही तसंच होतं: खारं पाणी सुटतं, पण झिंक तपासावं लागतं. समुद्राचं पाणी वीज वाहून नेण्यात धरणाच्या पाण्यापेक्षा शंभरपटीहून जास्त तेज असतं. गोड्या पाण्यात जस्तावर एक घट्ट पापुद्रा धरतो आणि ते काम करायचं थांबतं. मढला सहा महिन्यांनी झिंक काढलं तर ते खाल्लेलं, खडबडीत दिसतं आणि आपण म्हणतो, बदलायला झालं. तळ्यावर सहा महिन्यांनी तेच झिंक गुळगुळीत, जवळजवळ नवं दिसतं आणि मालक खूश होतो. खरं तर त्याच वेळी गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियम खाल्लं जात असतं. गोड्या पाण्याला मॅग्नेशियमचा ॲनोड लागतो. जी होडी कधी खाडीत, कधी तळ्यात जाणार असेल तिला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा लावावा. मॅग्नेशियम लावलेली होडी परत समुद्रात उतरवू नका, ते पाहता पाहता संपतं. एकाच होडीवर दोन जातींचे ॲनोड नकोत. आणि कृपा करून ॲनोडला रंग फासू नका, मी तो फासलेला पुष्कळदा पाहिला आहे.

आता होडीच्या तळाकडे वळू. पॉलिएस्टरच्या फायबरला गोडं पाणी खाऱ्यापेक्षा जास्त त्रास देतं, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. रेझिनमध्ये विरघळणारे अंश थोडेफार राहिलेले असतात. वरच्या जेलकोटमधून पाणी हळूहळू आत झिरपतं आणि त्या अंशांकडे ओढलं जातं. बाहेरचं पाणी खारं असेल तर ही ओढ कमी, गोडं असेल तर जास्त. मग तळाला फोड येतात. फोड फोडला तर आतल्या पाण्याला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो. मढची होडी ओहोटीला वाळूवर बसते, पावसाळ्यात बाहेर असते, तिला वारा मिळतो. तळ्यावरची होडी मात्र महिनोन्‌महिने पाण्यातच तरंगत राहते. म्हणून तळावर इपॉक्सीचा थर द्यायचा असेल तर तो आता, एप्रिल-मेच्या उन्हात, तळ पूर्ण वाळवूनच द्या. जूनच्या दमट हवेत दिलेला थर ओल आत कोंडतो. जुना तांब्याचा विषारी रंग इथेच काढून टाका, धरणाच्या काठावर खरवडायला नेऊ नका. वाळलेल्या शिंपल्यांची बुडं चिवट असतात, ती ओली असतानाच काढावीत.

मशीन ज्या मागच्या फळीवर टांगलेलं असतं, ती बहुधा फायबरच्या आत प्लायवूड घालून केलेली असते. लाकूड मिठाने कुजत नाही, पावसाच्या गोड्या पाण्याने कुजतं, हे आपल्या वडीलधाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. हातोडीच्या दांड्याने ती फळी ठोकत जा. खणखणीत आवाज एकदम बसका झाला की तिथे ओल आहे. जुने स्क्रू काढल्यावर भोकं उघडी ठेवू नका.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. गोडं पाणी हलकं असतं, त्यामुळे तीन टनांच्या होडीला सुमारे 70 लिटर पाणी जास्त सारावं लागतं, म्हणजे होडी थोडी खाली बसते. समुद्रात ठरवलेली माणसं तळ्यात जशीच्या तशी बसवू नका. शिवसागर भरतो तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 2163 फुटांवर असते. तिथे हवा विरळ, मशीनची ताकद थोडी उतरते. पंख्याचा पिच इंचभर कमी केलेला बरा. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल ओढतं. होडी उभी ठेवायची असेल तर टाकीत महिन्यांचं जुनं पेट्रोल ठेवू नका, आणि जुन्या रबरी नळ्या बदला. उजनीसारख्या पाण्यात जलपर्णी पंख्याला गुंडाळते, पाण्याची जाळी बुजवते. तिथून होडी दुसऱ्या तळ्यावर न्यायची असेल तर ट्रेलरसकट झाडून, वाळवून न्या, नाहीतर ती वनस्पती आपणच पसरवतो.

तेलाचा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो. जुन्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोक मशीनमधून इंधनाचा पाव हिस्सा तरी न जळताच पाण्यात जातो. अमेरिकेत लेक टाहो या सरोवरावर 1999 मध्ये अशा मशीनांवर बंदी आली. आपल्या मढच्या नळाला येणारं पाणीही तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचंच आहे. घाटावरची धरणंही कुणाच्या तरी घागरीत पोचतात. टू-स्ट्रोक मशीन तळ्यावर विकू नका, आणि बिल्जमधलं, म्हणजे होडीच्या तळाशी साचलेलं, काळं पाणी तिथे उपसू नका.

तळं म्हणजे सुरक्षित, हीही समजूत सोडा. 21 मे 2024 ला उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचे जीव गेले. उन्हाने आणि मिठाने जीर्ण झालेली लाइफ जॅकेटं होडीबरोबर देऊ नका, नवी द्या. कागदांचंही तसंच. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जहाज कायदा आला आहे. समुद्रातल्या नोंदणीवर तळ्यात प्रवासी नेता येत नाहीत, असं धरून विकत घेणाऱ्याला आधी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे चौकशी करायला सांगा.

माझी मागणी इथल्या विकणाऱ्यांकडे आहे. होडी देताना तिच्याबरोबर एक वही द्या. तळाला कोणता रंग आहे, ॲनोड कोणत्या धातूचा आहे, इंपेलर कधी बदलला, मशीन किती तास चाललं, कुठला बोल्ट तुटून आत राहिला आहे, सगळं खरं खरं लिहा. आणि इथल्या तरुण मेकॅनिकांनो, तळ्यांवर तुमच्या हाताची माणसं फार थोडी आहेत. पावसाळा संपला की एकदा घाट चढा आणि तुम्ही विकलेली होडी स्वतः उघडून पाहा.