पांघरुणाचा गुन्हा

अमेरिकेतील ओरेगन राज्यात रोग नदीच्या काठी ग्रँट्स पास हे सुमारे ३८ हजार वस्तीचे शहर आहे. तेथे शेकडो माणसे बेघर झाली, याचे पहिले कारण घरांची टंचाई. भाड्याने घर मिळणे दुरापास्त, आणि नगरपालिकेचे निवारागृह एकही नव्हते. एका ख्रिस्ती संस्थेचे होते. पण तेथे तंबाखू वर्ज्य, काम सक्तीचे आणि प्रार्थनेला हजेरी आवश्यक. उरली ती उद्याने.

२०१३ मध्ये नगर परिषदेने या प्रश्नावर बैठक घेतली. या लोकांना इथे राहणे इतके नकोसे करावे की ते पुढच्या गावी निघून जातील, असे परिषदेच्या अध्यक्षांनी उघडपणे मांडले. शहराच्या नियमांनुसार सार्वजनिक जागी तळ ठोकण्यास मनाई होती, आणि ‘तळ’ ठरायला तंबूच हवा असे नव्हते. राहण्यासाठी अंथरूण-पांघरूण टाकले तरी पुरे. थंडीत अंगावर ओढलेली गोधडीच पुरावा ठरे. दंड २९५ डॉलर. थकला तर ५३७ डॉलरच्या वर. दोनदा दंड झाला की ३० दिवस उद्यानबंदी, आणि ती मोडल्यास अतिक्रमणाचा गुन्हा, ३० दिवसांपर्यंत कैद. ज्याच्याकडे भाड्याला पैसे नाहीत, त्याच्याकडून दंड वसूल होणार नव्हताच. थकबाकीची नोंद मात्र पुढे घर आणि नोकरी मिळवताना आडवी येई.

निवारागृहात जागा नसताना उघड्यावर झोपणाऱ्याला शिक्षा करता येत नाही, असे संघीय अपील न्यायालयाने २०१८ मध्ये बॉइझी शहराच्या खटल्यात म्हटले होते. त्याच आधारावर ग्रँट्स पासचे बेघर न्यायालयात गेले. २८ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती गोर्सच यांच्या मते, क्रूर शिक्षेला मनाई करणारी आठवी घटनादुरुस्ती दंड आणि अल्प कैदेच्या आड येत नाही. शिवाय नियम कृत्याला लागू आहे, बेघर असण्याला नव्हे. पाठीवर पिशवी घेऊन सहलीला आलेल्यालाही तो तितकाच लागू. हा युक्तिवाद कागदावर समान आहे, जमिनीवर नाही. सहलीला आलेला तंबू गुंडाळून घरी जाऊ शकतो. झोप ही देहाची गरज आहे, गुन्हा नव्हे, असे न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी भिन्नमतात लिहिले, आणि मुद्दा तोच होता.

निकालानंतर महिन्याभरातच कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी राज्याच्या जमिनींवरील तळ हटवण्याचा आदेश काढला. ओरेगनमध्ये मात्र २०२१ चा राज्य कायदा शिल्लक राहिला. सार्वजनिक जागी बसण्या-झोपण्यावरची बंधने वेळ, जागा आणि पद्धत या दृष्टीने वाजवी हवीत, असे तो सांगतो. त्याचाच आधार घेऊन २०२५ च्या आरंभी अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने शहरावर दावा लावला. ऑगस्टमध्ये तडजोड झाली. किमान १५० जणांना तळासाठी जागा आणि पिण्याचे पाणी देण्याचे शहराने मान्य केले.