परभाषेचे अध्ययन आणि विद्यार्थ्यांचा सांस्कृतिक विकास



सुवर्ण महोत्सवाच्या मंगल प्रसंगी पुढील पिढीच्या शिक्षणाचा विचार होणे उचित आहे. घरातील मुलाने वा मुलीने जर्मन अथवा जपानी शिकण्याचे ठरविले की वडीलधाऱ्यांच्या मनात दोन भाव एकत्र येतात. उत्तम नोकरी मिळेल, याचा आनंद होतो. आणि पाल्य स्वभाषेपासून, आचारापासून व धर्मापासून दुरावेल, अशी चिंताही वाटते. ही चिंता निराधार नाही. परंतु तिचे उत्तर वर्धा जिल्ह्याच्या भूमीतच सापडते.

आचार्य विनोबा भावे १९२१ मध्ये वर्ध्यास आले आणि १९३८ मध्ये पवनारला राहावयास गेले. बडोद्याच्या शाळेत त्यांनी फ्रेंच घेतली होती. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून पुढे ते अरबी शिकले. वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी दक्षिणेतील चारही भाषांचा अभ्यास केला. भूदान पदयात्रेच्या काळात जर्मन व जपानी या भाषांचाही परिचय करून घेतला. एवढ्या भाषा शिकूनही ते मराठीस पारखे झाले नाहीत. संस्कृत न जाणणाऱ्या आईच्या इच्छेतून स्फुरलेली 'गीताई' त्यांनी १९३०-३१ मध्ये वर्ध्यातच रचली.

जैन समाजावर तर त्यांचे विशेष ऋण आहे. अन्य धर्मांचे सारग्रंथ सिद्ध करणाऱ्या विनोबांना जैन धर्माचाही सर्व संप्रदायांना मान्य असा एक ग्रंथ असावा, असे तीव्रतेने वाटत होते. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी तो योग आला. श्री जिनेंद्र वर्णी यांच्या संकलनावर नोव्हेंबर १९७४ मध्ये दिल्ली येथील संगीतीत विचार झाला आणि ७५६ गाथांचा 'समणसुत्तं' १९७५ मध्ये प्रकाशित झाला. इतरांचे ग्रंथ आदराने वाचणाऱ्या दृष्टीचेच हे फळ होय.

याची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. हर्मान याकोबी या जर्मन विद्वानाने प्राकृताचा व्यासंग केला. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा नसून स्वतंत्र परंपरा आहे, हे त्यांनी १८७९ मध्ये 'कल्पसूत्रा'च्या प्रस्तावनेत साधार दाखविले आणि १८८४ व १८९५ मध्ये आगमांची इंग्रजी भाषांतरे जगापुढे ठेवली. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन तत्त्वज्ञान मांडले, तेही इंग्रजीच्या आधारे.

परभाषा शिकताना विद्यार्थ्याला स्वभाषेची नव्याने ओळख होते. मराठीतील 'आम्ही' आणि 'आपण' यांतील भेद इंग्रजीच्या किंवा जर्मनच्या एका सर्वनामात मावत नाही; ऐकणाऱ्याला सामावून घेणाऱ्या 'आपण'चे मोल तेव्हाच कळते. परदेशी सहाध्यायाने 'सामायिक' किंवा 'अपरिग्रह' म्हणजे काय, असे विचारले तर केवळ पाठांतर उपयोगी पडत नाही. अर्थ स्वतःला उमगला असेल तरच तो दुसऱ्याला सांगता येतो. एकच वस्तू निरनिराळ्या दृष्टींनी पाहता येते, ही अनेकान्ताची शिकवण तेथे प्रत्यक्ष अनुभवास येते. चुकत-माकत बोलताना अहंकार गळतो आणि ऐकण्याची सवय लागते, हा लाभ वेगळाच.

वर्ध्यात १९९७ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात परदेशी विद्यार्थी हिंदी शिकण्यास आले आहेत आणि येथील तरुणांसाठी चिनी, जपानी, फ्रेंच, स्पॅनिश यांसारख्या भाषांच्या अध्यापनाची सोय झाली. अशा संधीकडे पाठ फिरविणे शहाणपणाचे नाही. मात्र पालकांनी एक पथ्य पाळावे. पाल्य परभाषेच्या वर्गास जात असेल, तर घरी मराठी वाचन आणि पाठशाळेत एखादी प्राकृत गाथा अर्थासह शिकणे सुटू देऊ नये. उद्या आगमांचा अर्थ समाजातील मुलांना केवळ इंग्रजी भाषांतरातूनच कळू लागला, तर तो दोष इंग्रजीचा नसेल. घरातील दिवा विझू देणाऱ्यांचा असेल.

खिडक्या उघड्या असाव्यात आणि दिवाही तेवत राहावा, हीच या सुवर्ण महोत्सवी वर्षातील मंगल भावना. जय जिनेंद्र!